लावलं पण दिसंना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जुना लॅपटॉप वापरात कसा ठेवायचा यावर लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं शेवटी एकाच जागी येऊन थांबतात. पेनड्राइव्ह लावला पण दिसत नाही, हार्डडिस्क लावली पण दिसत नाही, कार्ड टाकलं पण दिसत नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

एक गोष्ट आधी सांगतो कारण खालची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. "दिसत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. शेतातली मोटर उचलंना म्हणल्यावर आपण लगेच बोअरमधून पाईप काढायला माणसं बोलावत नाही, आधी डीपीवर फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. इथंही तसंच करायचं. पोर्टला काहीतरी लागलंय हे कळणं वेगळं, त्या वस्तूनं आपलं नाव-गाव सांगणं वेगळं, त्या नावाचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्राम, येऊन तिला धरणं वेगळं, मग ती डिस्क म्हणून उभी राहणं, तिचं पार्टिशन म्हणजे फाइली ठेवायचा आतला कप्पा वाचला जाणं, आणि सगळ्यात शेवटी तिला ड्राइव्हचं अक्षर मिळणं किंवा ती माउंट होणं, म्हणजे फाइली उघडता येतील अशी सिस्टिमला जोडली जाणं. आपल्याला फक्त ही शेवटची पायरी दिसते आणि तिथं काही आलं नाही की आपण म्हणतो ड्रायव्हर गेला. कुठल्या पायरीवर अडकलंय ते सापडलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

प्रश्न (गेवराई, जि. बीड) : दादा मी लग्नाचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंग करतो, दोन टीबीची बाहेरची हार्डडिस्क आहे, त्यात मागच्या सीझनची सगळी लग्नं आहेत. घरच्या कॉम्प्युटरला पुढच्या बाजूला लावली की टुंग आवाज येतो, लगेच दुसरा येतो, परत येतो, असं चालूच राहतं, डिस्क टिक टिक करते आणि माय कॉम्प्युटरमध्ये काहीच येईना. मित्राच्या लॅपटॉपला कधी लागते कधी लागत नाही. एकजण म्हणला ड्रायव्हर गेलाय, विंडोज मारून घे. मारू का? लोकांच्या लग्नाचा डेटा आहे, जीव वर-खाली होऊ लागलाय.

उत्तर : भाऊ, विंडोज मारू नका. तो सारखा सारखा येणारा टुंगच सांगतोय की गडबड ड्रायव्हरच्या आधी आहे. लागली, सुटली, लागली, सुटली असं पोर्टला दिसतंय.

हे पोर्टला कळतं कसं ते बघा म्हणजे तुमचं तुम्हालाच लक्षात येईल. यूएसबीच्या मूळच्या चार तारांत दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या. पोर्टच्या बाजूला डेटाच्या तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरनं खाली ओढून ठेवलेल्या असतात, आणि वस्तू लावली की ती आपल्या आतल्या दीड किलोओहमच्या रेझिस्टरनं त्यातली एक तार वर ओढते. तार वर गेली की हबला, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या आतल्या चिपला, कळतं कोणीतरी आलंय. लगेच विश्वास ठेवत नाहीत, पिन घासत आत जाताना कनेक्शन तुटतं-जुळतं म्हणून निदान १०० मिलिसेकंद तार तशीच राहते का ते बघितलं जातं, मग रिसेट, मग पत्ता दिला जातो, मग विचारलं जातं तू कोण, कुठल्या कंपनीची, काय काम करतेस. (यूएसबी ३ च्या वेगवान तारांवर ओळखायची पद्धत वेगळी आहे पण क्रम असाच.)

आता तुमची डिस्क. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर द्यायला बांधलेला आहे आणि ३.० चा ९००. अडीच इंची हार्डडिस्कची मोटर थांबलेल्या जागेवरून उचलताना काही क्षण त्याच्या आसपास किंवा जास्तच ओढते. पुढच्या पॅनलचे पोर्ट आतून बारीक वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात, तिथं व्होल्टेज पडतं, डिस्कच्या डबीतली चिप बंद पडून परत चालू होते आणि पोर्टच्या हिशोबानं डिस्क काढून परत लावली गेली. हेच चक्र चालू राहतं.

म्हणून पहिलं काम, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, निळा म्हणजे बहुधा ३.० चा असेल तर उत्तम. केबल आखूड आणि चांगली घ्या, एक्स्टेंशन अजिबात नको. बाकीच्या यूएसबी वस्तू तेवढ्यापुरत्या काढून ठेवा. तरी जमलं नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला बाहेरचा यूएसबी हब आणा, त्यातून डिस्कला करंट वेगळा मिळतो. एवढ्यावर टुंग-टुंग थांबलं तर डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा, बाकीच्या चौकशा नंतर. डिस्क सापडल्यावर विंडोज "फॉरमॅट करायचं का" असं विचारू शकतं, तिथं नाही म्हणायचं, घाईत बोट पडू देऊ नका.

आणि एक मनापासून सांगतो. चांगला पॉवर देऊनही डिस्क टिक टिक करत राहिली तर तिथंच थांबा. आत हेड अडकलेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी लावून बघितलं की प्लेटवर ओरखडा पडायची भीती वाढते. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडंच न्या आणि कुणाला घरी डबी खोलू देऊ नका. इतक्या घरांचे ते दिवस परत काढता येत नाहीत.

प्रश्न (हिंगोली जिल्हा, शाळेतली कॉम्प्युटर लॅब) : सर, आमच्या लॅबमधल्या एकाही मशीनवर पेनड्राइव्ह दिसत नाही. माउस कीबोर्ड त्याच पोर्टला व्यवस्थित चालतात, फोनही चार्ज होतो. तेच पेनड्राइव्ह माझ्या घरी चालतात. व्हायरस असेल का?

उत्तर : ताई, सगळ्या मशीनवर एकसारखं आणि फक्त पेनड्राइव्हच बंद, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलेलं असण्याची शक्यता जास्त. माउस चालतोय म्हणजे पोर्ट आणि हबचा ड्रायव्हर ठीक आहेत, फक्त स्टोरेजवाला ड्रायव्हर उठत नाहीये. विंडोजच्या रजिस्ट्रीत म्हणजे सेटिंगांच्या साठ्यात सर्व्हिसेसखाली यूएसबीस्टोर नावाची नोंद असते, तिच्यात स्टार्टची किंमत ३ असेल तर लागेल तेव्हा ड्रायव्हर चालू होतो आणि ४ असेल तर तो बंदच राहतो. ग्रुप पॉलिसीतूनही, म्हणजे विंडोजच्या सगळ्या मशीनला एकदम नियम लावायच्या सोयीतूनही, असंच रोखता येतं, आणि लिनक्सच्या लॅबमध्ये ड्रायव्हर लोड करणाऱ्या मोडप्रोबच्या फोल्डरात यूएसबी-स्टोरेजला ब्लॅकलिस्ट करून म्हणजे बंदीच्या यादीत टाकून ठेवतात. लॅब ज्यांनी बसवून दिली त्यांना आधी विचारा. व्हायरसच्या भीतीनं बंद केलं असेल तर ते कारण खरं आहे, मग निदान एका मशीनवर चालू करून घ्या आणि पोरांच्या फाइली तिथूनच पुढं पाठवा.

प्रश्न (लातूर) : मी क्लाससाठी रूम करून राहतो, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. विचित्र प्रकार आहे, लाईट असली की पेनड्राइव्ह लगेच येतो आणि लाईट गेली की तोच पेनड्राइव्ह त्याच पोर्टला दिसंना होतो. लाईट आली की परत काढून घातला की येतो. मित्र म्हणतेत बॅटरी वीक झाली म्हणून पोर्टला करंट जात नसंल. पण पेनड्राइव्हची बत्ती तर लागते. कधी कधी टर्मिनलमध्ये यूएसबीची यादी काढायची कमांड दिली की अचानक येतो, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : मित्रा, शेवटचं वाक्य लिहिलंस म्हणून उत्तर देता आलं. बत्ती लागते म्हणजे करंट जातोय, बॅटरीला दोष देऊ नकोस. यादी मागितली की पेनड्राइव्ह येतो म्हणजे लॅपटॉपमधली सगळे यूएसबी पोर्ट चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, झोपलेला होता आणि तुझ्या कमांडनं त्याला उठवलं.

बॅटरी वाचावी म्हणून कुठली तरी स्क्रिप्ट किंवा पॉवर सेव्हिंगचं टूल टाकलेलं असणार तू, लोडशेडिंगच्या गावात सगळेच टाकतात आणि त्यात चूक काही नाही. असली बरीच टूलं चार्जर निघाला की पीसीआय बसवरच्या म्हणजे मदरबोर्डच्या आतल्या जोडणीवरच्या सगळ्या वस्तूंना "काम नसेल तर झोपा" असा हुकूम देतात, त्यात यूएसबीचा एक्सएचसीआय कंट्रोलरही येतो. तो झोपलेला असताना नवीन वस्तू लागली की पोर्टनं जागं करणारा इशारा वर पाठवायचा असतो. काही लॅपटॉपमध्ये बायोस किंवा चिपसेटच्या खोडीमुळं तो इशारा वर पोचतच नाही, मग कर्नलला म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला काही कळत नाही आणि लॉगमध्येही एक ओळ येत नाही. ही मोठी खूण आहे. वस्तू लावली आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, काहीच आलं नाही तर बिघाड पहिल्याच पायरीवर, एरर आली तर दुसऱ्या पायरीवर.

खात्री करायला चार्जर काढ, दोन-तीन मिनिटं थांब, एका टर्मिनलमध्ये डीमेसेज चालू ठेव म्हणजे डॅश डब्ल्यू लावून, आणि पेनड्राइव्ह घाल. काही आलं नाही तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी म्हणजे यूएसबीची यादी काढायची कमांड दे. तेवढ्यात पहिल्यात ओळी धडाधड आल्या तर निदान पक्कं. मग सिस फोल्डरात त्या यूएसबी कंट्रोलरच्या पीसीआय पत्त्याखाली पॉवर आणि त्यात कंट्रोल अशी फाइल आहे, तिच्यात "ऑटो" असतं ते "ऑन" करायचं. पण हे रीस्टार्टपर्यंतच टिकतं, आणि तुझं टूल पुढच्या वेळी लाईट गेली की परत ऑटो करून टाकंल, म्हणून टूलच्याच सेटिंगमध्ये त्या कंट्रोलरला वगळ. बाकीची पॉवर सेव्हिंग चालू राहू दे.

प्रश्न (कळंब) : फोन कॉम्प्युटरला लावला की फक्त चार्ज होतो, फोटो कसे घ्यायचे?

उत्तर : आधी केबल बदला, काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात. केबल ठीक असेल तर फोनच्या वरच्या पट्टीतून यूएसबीवर टॅप करून फाइल ट्रान्सफर निवडा, स्क्रीनचं लॉक उघडं ठेवा. हल्लीचे अँड्रॉइड फोन एमटीपी नावाच्या फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीनं बोलतात त्यामुळं पेनड्राइव्हसारखं ड्राइव्हचं अक्षर येणारच नाही, फोनचं नावच दिसेल.

प्रश्न (नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : सर, मी प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये पाययुडेव्ह वापरून (लिनक्समध्ये वस्तू लागल्या-सुटल्याचं बघणाऱ्या युडेव्हशी बोलणारी लायब्ररी) प्रोग्राम लिहितोय, पेनड्राइव्ह लावला की आपोआप बॅकअप घ्यायचा. तीन अडचणी आहेत. प्रोग्राम चालू करताना पेनड्राइव्ह आधीच लावलेला असेल किंवा त्याच वेळी लावला तर कधी कधी सुटून जातो. दुसरं, पेनड्राइव्ह ओळखतो पण हार्डडिस्क ओळखत नाही. तिसरं, युडेव्हच्या रूलमधून स्क्रिप्ट चालवून माउंट करायचा प्रयत्न केला तर स्क्रिप्ट चालते पण माउंट झालेलं दिसत नाही. आणि पुढं मला स्वतःचा कर्नल ड्रायव्हर लिहायचाय, त्याचं प्रोब फंक्शन, म्हणजे वस्तू सापडल्यावर कर्नल बोलावतो ते, कॉलच होत नाही.

उत्तर : फार चांगला प्रोजेक्ट घेतलास. हे सगळे प्रश्न हॉटप्लगच्या म्हणजे चालू मशीनला वस्तू लावण्या-काढण्याच्या कामात प्रत्येकाच्या वाटेत येतात, म्हणून तुझ्या उत्तराला जास्त जागा देतोय.

पहिली अडचण क्रमाची आहे. तू बहुतेक आधी लावलेल्या डिस्कची यादी काढतोस आणि मग मॉनिटर, म्हणजे वस्तू लागल्या-सुटल्याचे इव्हेंट ऐकणारा भाग, चालू करतोस. या दोन्हींच्या मधल्या क्षणात जो पेनड्राइव्ह आला तो यादीतही नाही आणि मॉनिटरलाही दिसला नाही. क्रम उलटा कर. आधी मॉनिटर तयार करून स्टार्ट कर, मग यादी काढ, मग मॉनिटरकडून आलेले इव्हेंट वाचायला बस. आता एखादी वस्तू दोन्हीकडून येऊ शकते, ते चालतं, नाव बघून दुसरी वेळ सोडून दे. दोनदा आलेलं गाळता येतं, जे आलंच नाही ते कुठून आणणार. सी भाषेत लिबयूएसबी वापरलंस तर तिथं हॉटप्लगचा कॉलबॅक नोंदवतानाच एन्युमरेटचा फ्लॅग देता येतो, तो याचसाठी आहे.

त्यातच अजून एक. मॉनिटरला इव्हेंट दोन जागांहून घेता येतात, थेट कर्नलकडून किंवा युडेव्हचं काम झाल्यावर युडेव्हकडून. कर्नलवाला लवकर येतो म्हणून काहीजण तो घेतात, पण तेव्हा परवानग्या लागलेल्या नसतात, यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक वाचलेला नसतो, सिमलिंक म्हणजे नावांचे शॉर्टकट बनलेले नसतात. युडेव्हवालाच घे, पाययुडेव्हचा डिफॉल्टही तोच आहे. आणि आधी पूर्ण डिस्कचा इव्हेंट येतो, मग पार्टिशनचा. बॅकअप पार्टिशनवर घ्यायचा आहे ना, मग पार्टिशनच्या इव्हेंटची वाट बघ, डिस्कच्या इव्हेंटवर उडी मारून पाच सेकंद स्लीप टाकायचा प्रकार करू नकोस. स्लीप टाकलेला प्रोग्राम तुझ्या लॅपटॉपवर चालतो आणि परीक्षकाच्या मशीनवर पडतो. सबमिशनला एसडीबी असं नाव कोडमध्ये पक्कं लिहूनही जाऊ नकोस, आज एसडीबी आलेली डिस्क उद्या एसडीसी होते, यूयूआयडीवरून ओळख.

दुसरी अडचण. तू रिमूव्हेबलचा फ्लॅग १ आहे का बघत असशील. पेनड्राइव्ह साधारण १ सांगतो पण बाहेरची हार्डडिस्क ० सांगते, कारण त्या फ्लॅगचा अर्थ डिस्कमधलं माध्यम काढता येतं का एवढाच आहे, डिस्क स्वतः बाहेरून लावलेली आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. युडेव्हच्या आयडी-बस या नोंदीवरूनही फसायला होतं, साटा डिस्क (कॉम्प्युटरच्या आत बसणारी नेहमीची) यूएसबीच्या डबीत असली की काही वेळा तिथं यूएसबीऐवजी एटीए लिहिलेलं येतं. भरवशाचा मार्ग म्हणजे त्या डिस्कच्या वरच्या पिढीत यूएसबी डिव्हाइस आहे का ते फाइंड-पॅरेंटनं शोधणं.

तिसरी. सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या मशीनवर युडेव्हची सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत चालते, म्हणजे तुझ्या स्क्रिप्टनं केलेलं माउंट तिच्यापुरतं होतं आणि बाकी सिस्टिमला दिसत नाही. शिवाय रूलच्या रनमधून चालवलेली लांबलचक कामं युडेव्ह मारून टाकतो, बॅकअप तर अर्ध्यातच मरेल. रूलमध्ये फक्त टॅग लाव आणि सिस्टिमडीची सेवा मागव, खरं काम त्या सेवेत कर. डेस्कटॉप असेल तर युडिस्क या माउंट करून देणाऱ्या सेवेला सांगितलं तरी माउंट होतं.

आता ड्रायव्हर. प्रोब कॉल होत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ती वस्तू आधीच दुसऱ्यानं धरलेली असते. पेनड्राइव्हचा इंटरफेस क्लास ०८ म्हणजे मास स्टोरेज, तो दिसला की कर्नलचा यूएसबी-स्टोरेज पुढं येऊन धरतो आणि एका इंटरफेसला एका वेळी एकच ड्रायव्हर. सरावासाठी सिस फोल्डरातल्या त्या ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलीत इंटरफेसचा पत्ता लिहून आधी सोडव, मग तुझ्या ड्रायव्हरच्या बाइंडमध्ये लिही. हा पत्ता १-२:१.० असा दिसतो, कोलनच्या आधी बस आणि पोर्ट आणि नंतर कॉन्फिगरेशन व इंटरफेस, नुसतं १-२ लिहिलंस तर चालणार नाही. महत्त्वाचा डेटा असलेला पेनड्राइव्ह यासाठी वापरू नकोस आणि माउंट असताना तर नकोच. हातानं मोड्यूल (ड्रायव्हरची फाइल) टाकलं की चालतं पण वस्तू लावल्यावर आपोआप लोड होत नाही असं असेल तर मोड्यूल डिव्हाइस टेबलची ओळ राहिलीय किंवा मोड्यूलची यादी बनवणारं डेपमॉड चालवायचं राहिलंय, युडेव्ह त्या टेबलवरूनच बनलेल्या उपनावानं मोड्यूल शोधतो.

प्रोबपेक्षा डिस्कनेक्टवर जास्त वेळ घाल. लावताना चालणारे ड्रायव्हर पुष्कळ असतात, कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह उपसला की खरी परीक्षा होते. त्या वेळी पाठवलेल्या विनंत्या म्हणजे यूआरबी हवेत असतात, कुणीतरी फाइल उघडून बसलेलं असतं, आणि तू डिस्कनेक्टमध्ये स्ट्रक्चर फ्री करून टाकलंस तर शेवटच्या क्लोजला कर्नल कोसळतो. यूआरबी मारून त्या संपेपर्यंत थांब, नवीन विनंत्यांना वस्तू नाही असं उत्तर दे, आणि मेमरी केरेफनं, म्हणजे ती किती जण वापरतायत याच्या मोजणीनं, मोजून शेवटचा माणूस गेल्यावरच सोड. व्हायव्हाला बसण्याआधी मुद्दाम चालू कामात पेनड्राइव्ह उपसून बघ, चांगल्या दहा-वीस वेळा.

प्रश्न (उदगीर, फोटो स्टुडिओ) : कार्ड रीडर कायम लावलेला असतो. एक कार्ड काढून दुसरं टाकलं की कधी दिसतच नाही आणि कधी तर पहिल्याच कार्डचे फोटो दिसतात! हे बघून भ्याव वाटलं.

उत्तर : भ्याव वाटलं ते बरं झालं, कारण यात खरा धोका आहे. रीडर लावलेलाच आहे त्यामुळं यूएसबीच्या नजरेत काहीच नवीन लागलेलं नाही. कार्ड आलं-गेलं हे कळायला ऑपरेटिंग सिस्टिम रीडरला थोड्या थोड्या वेळानं विचारत राहते, कार्ड आहे का, बदललं का. लिनक्समध्ये हे साधारण दर दोन सेकंदांनी होतं. चांगला रीडर "माध्यम नाही" किंवा "माध्यम बदललं" असं नीट सांगतो. हलका रीडर कार्ड बदलल्याचं सांगतच नाही, मग कॉम्प्युटरला वाटतं जुनंच कार्ड आहे आणि तो मेमरीतली जुनी यादी दाखवतो. अशा वेळी काही लिहिलं गेलं तर जुन्या कार्डाचा नकाशा नव्या कार्डावर बसतो आणि नव्या कार्डावरचे फोटो जातात.

म्हणून कार्ड काढायच्या आधी इजेक्ट करायचंच, नंतर दोन-चार सेकंद रिकामं ठेवायचं, मग दुसरं टाकायचं. जुने फोटो दिसले तर काहीही डिलीट किंवा कॉपी करू नका, कार्ड काढा, रीडरच पोर्टमधून काढून परत लावा. हे वारंवार होत असेल तर रीडर बदला, कार्डाच्या बाजूला लॉकची छोटी पट्टी असते ती लावून मगच रीडरमध्ये टाकायची सवय ठेवा म्हणजे बरेचसे रीडर त्यावर लिहीत नाहीत.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, वाळूज एमआयडीसी) : एनव्हीएमई म्हणजे वेगवान प्रकारच्या एसएसडीची यूएसबी डबी घेतली. लिनक्सवर लगेच दिसते, छोट्या फाइली जातात, मोठी कॉपी लावली की मध्येच गायब. विंडोजवरही कधी कधी. शिवाय घरी मांजारो लिनक्स आहे, तिथं अपडेट मारल्यापासून कुठलाच पेनड्राइव्ह लागंना.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत.

डबीचं आधी. दिसतेय म्हणजे ओळख पटलेली आहे, ओझं आल्यावर पडतेय. पॉवरचं वर लिहिलंय ते बघा, पाच व्होल्टला ९०० मिलीअँपिअर म्हणजे साडेचार वॅट, आणि वेगवान एसएसडी लिहिताना त्याच्याही पुढं जाऊ शकते. उन्हाळ्यात आपल्याकडं ती बंद डबी किती तापते तेही हात लावून बघा. हे दोन्ही ठीक असूनही लॉगमध्ये यूएएसच्या म्हणजे यूएसबी डिस्कशी बोलायच्या नव्या वेगवान पद्धतीच्या नावानं अबॉर्ट आणि रिसेटच्या ओळी येत असतील तर डबीतल्या ब्रिज चिपचं (एसएसडी यूएसबीला जोडणाऱ्या चिपचं) फर्मवेअर यूएएस नीट बोलत नाही. कंपनीनं फर्मवेअर दिलं असेल तर ते टाका. नसेल तर कर्नलच्या बूट ओळीत यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये म्हणजे अपवादांच्या सेटिंगमध्ये त्या डबीचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर आणि शेवटी यू अक्षर द्या, म्हणजे ती डबी जुन्या पद्धतीनं चालते. वेग थोडा कमी होईल पण कॉपी पूर्ण होईल, आणि माझ्या मते अर्ध्यात तुटणाऱ्या वेगाला काही किंमत नाही.

मांजारोचं सोपं आहे, रीस्टार्ट करा. अपडेटमध्ये कर्नलचं पॅकेज बदलतं तेव्हा चालू कर्नलचं मोड्यूलचं फोल्डर डिस्कवरून निघून जातं. चालू कर्नलला यूएसबी-स्टोरेज लागला तर आणायचा कुठून? म्हणून एलएसयूएसबीत पेनड्राइव्ह दिसतो आणि डिस्कची यादी काढणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये नाही. अपडेटच्या आधी एकदा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर मोड्यूल मेमरीत असतं, मग डिस्क दिसते पण व्हीफॅटचं म्हणजे पेनड्राइव्हवरच्या फाइल मांडणीचं मोड्यूल नसल्यानं माउंट होत नाही, अशीही गंमत होते. यूनेम डॅश आर ही कमांड चालू कर्नलचं जे नाव सांगते त्या नावाचं फोल्डर मोड्यूलच्या जागी आहे का तेवढं बघितलं की कळतं.

प्रश्न (जालना, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान) : गिऱ्हाइकांच्या साटा डिस्क तपासायला डेस्कटॉपच्या बाहेर केबल काढून ठेवलीय. चालू मशीनला डिस्क लावली की दिसत नाही, रीस्टार्ट करावं लागतं. दिवसभर हेच चालतं. यूएसबीसारखं साटाला होत नाही का?

उत्तर : होतं की, साटाच्या रचनेतच ते आहे, पॉवरच्या कनेक्टरमध्ये काही पिना मुद्दाम लांब ठेवल्यात म्हणजे त्या आधी टेकतात. पण मधले सगळे तयार पाहिजेत. बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई म्हणजे जुना असेल तर एएचसीआय म्हणजे नवा करा, पण त्या मशीनवरचं विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल तर आधी विंडोजमध्ये पुढचं बूट सेफ मोडचं ठरवून घ्या, मग बायोस बदला आणि पहिल्यांदा सेफ मोडमध्येच चालू करा, नाहीतर चालू होणार नाही. मग बऱ्याच मदरबोर्डवर प्रत्येक पोर्टला हॉट प्लगचं वेगळं सेटिंग असतं आणि ते बंद असतं, तुमच्या त्या एका पोर्टचं चालू करा.

लिनक्सवर काम करत असाल तर साटाच्या लिंकची पॉवर सेव्हिंग बघा. ती चालू असताना लिंक सारखी झोपते-उठते, त्यामुळं ड्रायव्हर त्या पोर्टवरचे चढउतार दुर्लक्षित करतो आणि त्यातच तुमची डिस्क लागल्याचा इशाराही बुडतो. त्या पोर्टची पॉलिसी मॅक्स परफॉर्मन्स करा. तरी नाही आली तर त्या होस्टच्या स्कॅन फाइलीत तीन डॅश मध्ये जागा सोडून लिहा, रीस्टार्टची गरज पडत नाही. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये रीस्कॅन. तिथं डिस्क ऑफलाइन लिहून आली तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा, अक्षर नसेल तर अक्षर द्या.

काढताना मात्र घाई नको. माउंट काढा, लिनक्सवर डिस्कच्या डिलीट फाइलीत १ लिहा म्हणजे कर्नल तिला थांबवून सोडतो, विंडोजवर डिस्क ऑफलाइन करा, मोटरचा आवाज पूर्ण थांबू द्या आणि मग आधी डेटाची केबल, नंतर पॉवरची. आणि पॉवरसाठी जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त अडॅप्टर वापरत असाल तर या कामाला ते वापरू नका, त्यात लांब-आखूड पिनांचा क्रम राहीलच असं नाही आणि साच्यात ओतलेले काही तर शॉर्ट होऊन जळतात, गिऱ्हाइकाची डिस्क त्यावर लावू नका.